किम्बर्लीची दोन दिवसांची सहल: टोड खाणं सोडलेल्या मगरींच्या गावी

ऑस्ट्रेलियात राहणारी कोणी मराठी मंडळी ब्रूमला सुट्टीवर जाणार असतील, तर त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ब्रूम म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या किम्बर्ली भागातलं किनाऱ्यावरचं गाव. तिथे समुद्रकिनारा, उंटावरची रपेट आणि मोत्यांची दुकानं सगळेच करतात. त्यातले दोन दिवस बाजूला काढा आणि विंडजाना गॉर्ज, म्हणजे तिथल्या मूळनिवासी बुनुबा लोकांचं बंडिलंगन, आणि पुढचं टनल क्रीक बघून या. आम्ही एका छोट्या कंपनीच्या गाडीने गेलो. कंपनीचं नाव लिहीत नाही. गाडी, जेवण, तंबू याबद्दल माझ्या तक्रारी आहेत, त्या खाली येतीलच. पण मला खरं सांगायचंय ते त्या सहलीतल्या रात्रीच्या फेरीबद्दल आणि तिथं कळलेल्या एका कामाबद्दल: केन टोड नावाचा, बाहेरून आणलेला विषारी बेडूक खाऊ नये हे मगरींना शिकवण्याच्या.

सोबत नवरा आणि भिलवडीहून आमच्याकडे पर्थला आलेले माझे वडील. अप्पा जन्मभर ऊस केलेला माणूस. घर कृष्णेकाठी, त्यामुळे मगर त्यांना नवी नाही. आमच्याकडे नदीला मगर दिसली की गावभर बातमी होते, वैरणीला गेलेला माणूस पाण्यापासून चार हात लांब राहतो. म्हणून विंडजानाच्या वाळूवर मगरी पडलेल्या असतात आणि लोक त्यांच्या समोरून चालत जातात, हे त्यांना ब्रूममध्ये सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

आधी तक्रारी उरकते. गाडी तासभर उशिरा आली आणि कोणी फोन केला नाही. मागच्या सीटवर एसी पोचत नव्हता. डर्बीपासून गिब रिव्हर रोडचा सुरुवातीचा भाग डांबरी आहे, पण पुढे कच्च्या रस्त्यावर गाडी इतकी थडथडते की मणक्याचा त्रास असलेल्या माणसाने पुढची सीट आधीच मागून घ्यावी. बुकिंग करताना 'शाकाहारी' असं दोनदा लिहूनही पहिल्या रात्री आमच्यासाठी पाव, सॅलड आणि मक्याचं कणीस एवढंच होतं. मी शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि दशम्या नेल्या होत्या म्हणून अप्पांचं भागलं. तंबू स्वच्छ होते, अंथरूण चांगलं होतं. माणशी घेतलेल्या पैशांत जेवणाकडे जास्त लक्ष द्यायला हरकत नव्हती.

जागेबद्दल मात्र बोलायलाच नको. सपाट माळरानातून अचानक काळ्या-करड्या चुनखडीची भिंत उभी राहते. पस्तीस कोटी वर्षांहून जुन्या समुद्रातलं हे प्रवाळ. ते कापून लेनर्ड नदी आरपार गेली आहे. पावसाळा सरला की नदी वाहायची थांबते आणि घळीत नुसते डोह उरतात. कड्यातल्या एका फटीतून वाकून आत शिरलं की समोर वाळू, पाणी आणि मगरी. गोड्या पाण्यातल्या या मगरी आपल्या मगरीपेक्षा लहान, तोंड निमुळतं, जबडा चिमट्यासारखा. स्वभावाने भित्र्या. डिवचलं नाही तर माणसाच्या वाटेला जात नाहीत. अप्पा बराच वेळ एका जागी उभे होते. "ही आपल्यावानी न्हाई," एवढंच म्हणाले, आणि मग एकेक करून मोजायला लागले. बुनुबा लोकांचा योद्धा जंडामारा याच डोंगरांतून इंग्रजांशी लढला आणि १८९७ मध्ये टनल क्रीकपाशी मारला गेला. त्याची हकिगत गाइडने दुसऱ्या दिवशी त्या गुहेतच, गुडघाभर पाण्यात टॉर्च बंद करून सांगितली. ती तुम्ही तिच्या तोंडूनच ऐका.

आता रात्रीची फेरी. जेवण झाल्यावर गाइड आम्हाला टॉर्च देऊन पाण्याच्या बाजूला घेऊन गेली. प्रकाश पाण्यावर टाकला की लाल-नारिंगी ठिपके पेटतात, ते मगरींचे डोळे. पण ती थांबली अलीकडेच, वाटेवर बसलेल्या एका बेडकापाशी. हातमोजे घालून तिने तो उचलला. केन टोड. तळहात भरेल एवढा, चॉकलेटी, कातडी वाळलेल्या चिखलासारखी खडबडीत. डोळ्यांच्या वरून नाकापर्यंत हाडाची उभी कड. दोन्ही खांद्यांवर फुगलेल्या लांबट गाठी आणि त्यांवर बारीक बारीक भोकं. तिने गाठीच्या कडेला अंगठ्याने किंचित दाब दिला, तर त्या भोकांतून दुधासारखा पांढरा चीक आला. हाच तो विषाचा साठा. तो पोटात गेला की हृदयाचे ठोके बिघडतात. ऑस्ट्रेलियात या जातीचे प्राणी कधी नव्हतेच, त्यामुळे इथल्या शिकारी जनावरांना या विषाची ओळख नाही. मोठा टोड तोंडात धरलेली मगर किंवा घोरपड बऱ्याचदा दुसरा धरायला जगतच नाही.

हा आला कुठून, हे तिने सांगितलं आणि अप्पांचे कान टवकारले. १९३५ साली क्वीन्सलंडमधल्या ऊस संशोधन केंद्राच्या रेजिनाल्ड मंगोमेरी यांनी हवाईहून शंभरेक टोड आणले, गॉर्डनव्हेलजवळ त्यांची पैदास केली आणि त्याच ऑगस्टमध्ये सुमारे २,४०० पिल्लं उसाच्या पट्ट्यात सोडली. कशासाठी? उसाच्या मुळ्या खाणाऱ्या अळ्यांसाठी. म्हणजे आपली हुमणी, जिचा पुढे भुंगेरा होतो. मी अप्पांना सांगितलं तसे ते म्हणाले, "हुमणीसाठी आणला व्हय ह्यो? हुमणी मातीत असती, आन भुंगेरा वर झाडाव. ह्यो मधल्यामधी काय खाणार?" मी ते इंग्रजीत सांगितल्यावर गाइड म्हणाली, नेमकं हेच झालं. भुंगेरे उंचावर, अळ्या जमिनीत आणि टोडला मोकळ्या रानात सावली नाही. टोड उसातून बाहेर पडला आणि जे सापडेल ते खात पश्चिमेला निघाला. अप्पांनी मग तिला आपल्याकडची रीत सांगितली. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी भुंगेरे बाभळीवर, कडुनिंबावर येतात, तेव्हा फांद्या हलवून ते खाली पाडायचे आणि रॉकेल टाकलेल्या पाण्यात मारायचे. गावाने एका वेळी केलं तरच उपयोग. मी भाषांतर करत होते आणि इतर पाहुणे टॉर्च बंद करून ऐकत होते. मला ती दहा मिनिटं फार मोलाची वाटतात.

टोड २००१ मध्ये उत्तरेतल्या काकाडू राष्ट्रीय उद्यानात पोचला, २००९ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाची हद्द ओलांडली. आघाडीवरचे टोड वर्षाला पन्नासेक किलोमीटर पुढे सरकतात. जिथे पोचले तिथे काय झालं त्याचा एक आकडा तिने सांगितला तो विसरता येत नाही: नॉर्दर्न टेरिटरीतल्या व्हिक्टोरिया नदीच्या काही पट्ट्यांत गोड्या पाण्यातल्या मगरी ७७ टक्क्यांपर्यंत घटल्या. कोरडा हंगाम संपत येताना डोह आटतात, भुकेल्या मगरी उरलेल्या पाण्यात दाटीने जमतात आणि टोडही अंग ओलं करायला तिथेच येतात. मग पाण्यावर पांढरी पोटं तरंगायला लागतात.

"मग मारून का टाकत नाहीत?" असं नवऱ्याने विचारलं. माझ्याही मनात तेच होतं. मारतात. पण एक मादी एका खेपेला तीस हजारांपर्यंत अंडी घालते. एवढ्या मोठ्या, रस्ते नसलेल्या मुलखात माणसं किती ठिकाणी पोचणार? म्हणून काही लोकांनी प्रश्न उलटा धरला. टोड जात नसेल, तर मगरीलाच तो खाऊ नये हे कळायला हवं.

मॅक्वारी विद्यापीठाच्या जॉर्जिया वॉर्ड-फिअर आणि त्यांचे सहकारी, बुनुबा रेंजर आणि राज्याचं संवर्धन खातं यांनी २०१९ ते २०२२ या काळात किम्बर्लीतल्या चार घळींमध्ये हे करून बघितलं. मेलेले टोड घ्यायचे, विषारी भाग काढून टाकायचे आणि उरलेल्या धडात लिथियम क्लोराइड हे मळमळ आणणारं क्षार सुईने भरायचं. मग ते पाण्याकाठी दोरीने टांगून ठेवायचं. शेजारी तशाच पद्धतीने कोंबडीचा तुकडा. मगर टोड खाते, मरत नाही, पण तिला सपाटून ओकाऱ्या होतात. पुढच्या वेळी तो वास आला की ती टोड सोडते आणि कोंबडी घेते. हे झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांत दिसलं आहे. जिथे टोड नुकतेच येत होते तिथे मगरींचं मरण थांबलं, आणि जिथे टोड येऊन एक-दोन वर्षं झाली होती तिथे ते ९५ टक्क्यांनी कमी झालं. हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आमची गाइड म्हणाली की अशी आमिषं बांधायला ती एका हंगामात गेली होती. घामाने हात चिकट, टोडचा वास, माश्या आणि वर ऊन. ती हे सांगत होती तेव्हा तिच्या बोलण्यात जो जीव होता, तो मी कुठल्याच सहलीच्या गाइडमध्ये बघितलेला नाही.

अप्पा म्हणाले, "म्हंजे लसच की ही." मी शास्त्रज्ञ नाही, कृषी पदवीधर आहे. पण मला यापेक्षा नेमकं सांगता येणार नाही. थोडंसं, न मारणारं, आजार काय असतो ते अंगाला कळेल एवढंच.

आपल्याकडे हा प्रश्न का आला नाही, हेही त्याच रात्री उमगलं. आपल्या अंगणात पावसाळ्यात दिव्याखाली येऊन बसणारा भेकही विषारीच. पण आशियातल्या आणि आफ्रिकेतल्या घोरपडी पिढ्यान् पिढ्या अशा बेडकांच्या शेजारी राहिल्या, त्यामुळे त्यांच्या शरीराने त्या विषाला दाद न देण्याची सोय करून घेतली. ऑस्ट्रेलियातल्या घोरपडींकडे ती नाही. धामण भातखाचरात बेडूक गिळताना बघत मी मोठी झाले. त्यात काही विशेष आहे असं मला तोवर वाटलं नव्हतं.

घोरपडींसाठीचा उपाय ऐकून तर पाहुण्यांमधले एक आजोबा चक्क रागावले. टोडची मोठी लाट यायच्या आधी माणसांनीच त्या भागात बारीक टोड नेऊन सोडायचे! पण कारण पक्कं आहे. लाटेत सगळ्यांच्या पुढे येतात ते मोठे टोड, आणि मोठ्यात मरण्याइतकं विष असतं. बोटाच्या पेराएवढ्या पिल्लात ओकारी होण्यापुरतंच. घोरपडीची पहिली भेट पिल्लाशी झाली तर ती वाचते आणि शिकते. पूर्व किम्बर्लीत ऊम्बुलगुरीच्या पूरमैदानावर तिथल्या मूळनिवासी बालंगारा रेंजरांबरोबर हे आधी थोड्या घोरपडींवर केलं. शिकवलेल्यांपैकी काही दीड वर्षानंतरही जिवंत होत्या. न शिकवलेल्या टोड आल्यावर भराभर गेल्या. मग मोठ्या प्रमाणावर अंडी, डिंभ आणि पिल्लं मिळून दोन लाखांच्या आसपास सोडली. जिथे सोडली तिथे घोरपडी टिकल्या, जिथे नाही सोडली तिथे जवळपास दिसेनाशा झाल्या. आजोबांचं समाधान झालं नाही. मला त्यांचा राग कळतो. जी गोष्ट बाहेरून आणल्यामुळे एवढं नुकसान झालं, तीच पुन्हा हाताने सोडायची, हे गळी उतरायला कठीण आहे. तरी मी गाइडच्या बाजूने आहे. टोड येणार हे ठरलेलं असताना हात बांधून बसणं हाच वाईट पर्याय होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेगडीवर इतर पाहुण्यांसाठी सॉसेज भाजत असताना तिने क्वोलचं सांगितलं. क्वोल म्हणजे मांजरापेक्षा लहान, अंगावर पांढरे ठिपके असलेला, पिल्लू पोटच्या पिशवीत वाढवणारा शिकारी. टोड आला की क्वोल संपतात, इतका हा प्राणी बेसावध. याच्यासाठी टोडच्या मांसाचं सॉसेज करतात. सोललेल्या पायांचा खिमा आणि त्यात थायाबेंडाझोल, म्हणजे मेंढ्यांना जंतासाठी देतात ते औषध. त्याला चव नाही, वास नाही, पण मळमळ होते. क्वोलला वाटतं हे टोडमुळेच झालं. ऑस्ट्रेलियन वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हन्सीच्या मॉर्निंग्टन अभयारण्यात याची चाचणी झाली आणि किम्बर्लीत अशी आमिषं विमानातून टाकलीही गेली.

इथे तिने एक गोष्ट लपवली नाही, म्हणून माझा तिच्यावर जास्त विश्वास बसला. क्वोलचे नर पहिल्या विणीच्या हंगामानंतर मरतात, म्हणजे शिकलेले नर वर्षभरात गेलेले असतात. दरवर्षी नव्या पिल्लांपर्यंत पोचावं लागतं. आणि दुसरं त्याहून कडू. २००३ मध्ये टोडपासून वाचवण्यासाठी काही क्वोल अर्नहेम लँडजवळच्या बेटांवर नेले. तिथे ते खूप वाढले. त्यांच्या वंशजांना टोड टाळायला शिकवून काकाडूत परत सोडलं. टोड त्यांनी टाळला. पण तेरा पिढ्या बेटावर शत्रूच नसल्यामुळे डिंगोला, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याला, भ्यायचं असतं हे ते विसरले होते, आणि डिंगोंनी त्यांना मारलं. एक धडा शिकवला म्हणजे रानात जगायला तेवढं पुरतं असं नाही. हे ऐकल्यावर आमच्या टेबलावर कोणी काही बोललं नाही. मी त्या संशोधकांचा विचार करत होते, ज्यांनी एकेक क्वोलला गळपट्टा घालून सोडलं असेल आणि मग त्यांची प्रेतं शोधत फिरले असतील.

रात्रीच्या फेरीतलं एक सांगायचं राहिलं. परत फिरताना पाण्याच्या कडेला एक मगर अर्धी बाहेर पडली होती आणि तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर टोड बसलेला. आम्ही सगळे टॉर्च खाली करून थांबलो. टोडने दोन उड्या मारल्या, मगरीने मान थोडी वळवली, आणि मग ती मागच्या मागे पाण्यात सरकली. टोड तिथेच. नवऱ्याने लगेच "शिकलेली दिसते" म्हटलं. गाइड म्हणाली, असेल, किंवा तुमच्या उजेडाला घाबरली असेल, किंवा पोट भरलेलं असेल. एका मगरीवरून मी तुम्हाला काही सांगणार नाही. मला हे उत्तर आवडलं. सहल विकणाऱ्या माणसाला "बघा, शिकली!" म्हणणं किती सोपं होतं.

आता कोणी जावं? मुलं दहा-बारा वर्षांच्या पुढची असतील तर जरूर न्या. त्यांना हे सगळं समजतं आणि टनल क्रीकमधून अंधारात चालायला आवडतं. तिथे वटवाघळं असतात, पाण्यात पाय घालावे लागतात, आणि खडकांवरून उतरताना हात धरायला कोणी हवं. अप्पा गुहेच्या तोंडाशी सावलीत थांबले. विंडजानाला वाळूपर्यंतची वाट त्यांच्या वयाला झेपली. पुढे घळीतून जाणारी साडेतीन किलोमीटरची पायवाट मी आणि नवऱ्याने केली. पाण्याच्या बाटल्या माणशी दोन तरी न्या, टोपी न्या, आणि मगर कितीही गरीब दिसली तरी फोटोसाठी तिच्या जवळ जाऊ नका. एका पाहुण्याला गाइडने चांगलं सुनावलं, ते योग्यच केलं. हंगाम मे ते ऑक्टोबर. पुढे पावसाने रस्ते बंद होतात.

गुण द्यायचे तर गाडीला आणि जेवणाला पाचपैकी दोन, जागेला पाच, गाइडला पाच. पण त्याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीतल्या एका कुटुंबाशी टनल क्रीकच्या पार्किंगमध्ये बोलणं झालं. त्यांच्या चालकाने टोडचा विषयही काढला नव्हता आणि रात्री त्यांना कुठे नेलंही नव्हतं. पैसे सारखेच घेतले होते. त्यामुळे बुकिंग करताना फोन करा, ईमेलवर अवलंबून राहू नका. रात्रीची फेरी नक्की आहे का, ती कोण घेणार आणि त्या माणसाला टोडच्या कामाची माहिती आहे का, हे तिन्ही विचारून घ्या. नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरी कंपनी बघा. आणि शाकाहारी असाल तर दशम्या घरूनच न्या.